भार : औषधे, चारशे किलो

रेणापूरच्या कॉलेजाला जुनं फौजी हेलिकॉप्टर मिळालं, तेव्हा पहिला नारळ त्याच्या नाकावर फुटला आणि समोरच्या काचेला तडा गेला. बर्फ, वाळू, गारपीट सगळं सोसलेल्या त्या काचेनं संस्थेच्या अध्यक्षांपुढं मात्र हात टेकले. अध्यक्ष दयानंदराव म्हणाले, "शुभ असतं ते."

आता हेलिकॉप्टर आलं म्हटल्यावर त्याचा इतिहास दगडात कोरून लावणं आलंच. तो लिहायला हणमंतरावांशिवाय दुसरं कोण मिळणार? गडी गावचाच, हवाई दलातून निवृत्त झालेला फिटर, आणि ऐन उमेदीत याच यंत्रावर सहा वर्षं राबलेला. यंत्रासोबत आलेल्या जाडजूड उड्डाणवह्या त्यांनी आठवडाभर वाचल्या आणि दोन पानी मजकूर अध्यक्षांपुढं ठेवला.

तो वाचून दयानंदरावांचं तोंड उतरलं. "हणमंतराव, ह्यात लढाई कुठंय? बटाटे, रॉकेल, आजारी जवान, परत बटाटे!"

"मध्यम वजनाचं, सगळ्या कामाचं यंत्र हाय ते. बटाटे न्यायचंच त्याचं काम."

"एखादी चकमक तरी?"

"झाली की. पन तवा हे दुरुस्तीला उघडून पडलं होतं."

दयानंदराव हार मानणाऱ्यांतले असते तर अध्यक्ष कशाला झाले असते? त्यांनी वह्या स्वतःच चाळायला घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी ओरडतच आले. "हे काय सोडलंत तुम्ही? त्र्याण्णवचा भूकंप! भार : औषधे, चारशे किलो! आपल्या लातूरची सेवा केलीय यानं!"

हणमंतरावांनी पुढं होऊन वही मिटली. ते पान त्यांनी मुद्दामच सोडलं होतं, कारण खाली सही त्यांची होती. त्या दिवशी तेरणेकाठच्या एका गावात दुःखितांचं सांत्वन करायला एक बडे साहेब यायचे होते, आणि साहेबांना ऊन लागता कामा नये होतं. म्हणून हेलिकॉप्टरात चढला तो मांडव, खुर्च्या, गाद्या आणि लोड. वरिष्ठ म्हणाले होते, "मांडव असं लिहिता येतं का रे? औषधं लिही." हणमंतनं लिहिलं. त्या नोकरीत वहीत लिहिलं तेच उडालं, असा नियम.

जे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं, ते त्यांनी अध्यक्षांना सांगून टाकलं. दयानंदरावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सही कुणाची म्हणालात?"

"माझीच."

"मग स्वतःच्याच सहीला खोटं पाडता? आणि त्या ओळीसकट दगड कालच कोरायला गेला."

समारंभाला भूकंपातून वाचलेली एक म्हातारी हवी होती. त्याच तेरणेकाठच्या गावची बसम्मा दगडावरचा पडदा उघडायला आणून बसवली. हणमंतरावांच्या खांद्यावर शाल पडली, हातात माईक आला. चार चांगले शब्द बोलून बसले असते तर घरी जाऊन निवांत जेवले असते. पण माणसाला कधी कधी खरं बोलायची उबळ येते.

"त्यात औषध नव्हतं," ते म्हणाले. "साहेबाचा मांडव होता. खोटं मी लिहिलं. मला माफ करा."

दयानंदराव माईककडं धावले, पण त्याआधीच बसम्मा उठली होती.

"लाल-पांढऱ्या पट्ट्याचा व्हय?"

"हाव."

"मंग त्यो तुमीच आनला! सायेब गेलं की आमी त्यो सोडून घेतला बगा. चार घरची मानसं दोन महिने त्याच्याखाली ऱ्हायलो. देव तुमचं भलं करो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दयानंदराव तर उभं राहून वाजवत होते, खोट्यातूनही सेवाच निघाली म्हणून. हणमंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं उगाच जीव जाळला, असं त्यांना वाटलं, आणि छाती मोकळी झाली.

"तरीच," टाळ्या थांबल्यावर बसम्मा सहज म्हणाली. "डाक्टर म्हनत व्हता, कागदावर औषध पोचल्यालं हाय, आता दुसरं देईनात. आमाला वाटलं त्योच लबाड बोलून ऱ्हायलाय. लई शिव्या घातल्या बिचाऱ्याला. माजी लेक तनुजा चौथ्या रोजी गेली."

हणमंतरावांच्या हातातला माईक चालूच होता. त्यातून त्यांचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता.

"तुमी तवा केवढे व्हता वो?" तिनं विचारलं.

"तेवीस."

"ल्हानच व्हता की," बसम्मा म्हणाली. "ती नऊची व्हती."

आणि दयानंदरावांनी घाईघाईनं हातात दिलेली पडद्याची दोरी तिनं ओढली.