तीन महिन्यांचा डबा

नारिंगी, बोटाच्या पेराएवढी, दुकानाच्या काउंटरवर घरंगळलेली ती एकच कॅप्सूल खिडकीतून आलेल्या उन्हात आतून पेटल्यासारखी दिसत होती, आणि इंगेलाच्या मनात आलं, मार्च लागला की ऊन कसं न विचारता थेट गल्ल्यापर्यंत येतं... बाहेर चौकात बर्फाचे ढीग अजून कमरेएवढे होते, पण बँकेच्या दक्षिणेकडच्या भिंतीला पाठ टेकून माणसं उभी राहायला लागली होती – कोटाची बटणं सोडून, डोळे मिटून, तोंडं वर करून – शेजारी शेजारी, आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. दर वर्षी ती हे काचेआडून बघते.

आई तिथेच उभी राहायची. चाळिशीतच तिचा चेहरा सुकलेल्या सफरचंदासारखा झाला होता आणि तिला त्याचं काडीचं दुःख नव्हतं. "मुरवलेले मासे सावलीत ठेवतात पोरी, माणसं नाही!" म्हणून खदखदून हसायची. इंगेलाने मात्र अठराव्या वर्षीच ठरवलं, आपलं असं होऊ द्यायचं नाही. रुंद काठाची टोपी, मलम, आणि गेली अकरा वर्षं रोज सकाळी दोन कॅप्सूल – समुद्रकाठच्या काटेरी झुडपांच्या नारिंगी फळांचं तेल, उन्हाने कातडी म्हातारी होऊ नये म्हणून. सत्तावन्नाव्या वर्षी लोक तिला पंचेचाळिशीची समजतात. दुकानाची मालकीण मायब्रिट गिऱ्हाइकांना तिचाच चेहरा दाखवते, "हे बघा, हिच्याकडे बघा!" जपला खरा... पण कोणासाठी जपला, हे विचारायला कोणी आलं नाही.

आज महिन्याचा शेवटचा मंगळवार. स्टूरे येणार.

फेरीबोटीच्या इंजिनावर आयुष्य काढलेला हा माणूस सात वर्षं दर महिन्याला बायकोसाठी छोटा डबा घ्यायला येतो. नोव्हेंबरात पेपरात त्या बायकोच्या, गुनवोरच्या, निधनाची चौकट आली. डिसेंबरात तो आला आणि त्याने तोच डबा मागितला. तिने दिला. जानेवारीत दिला, फेब्रुवारीत दिला. गेलेल्या बाईच्या कातडीसाठी मी गोळ्या विकते आहे, सांत्वनाचा एक शब्द मला फुटत नाही, आणि तरी दारावरची घंटा वाजली की माझी छाती धडधडते – या वयात! खालच्या फळीवर, अगदी मागे, तीन महिन्यांचा मोठा डबा असतो, स्वस्तही पडतो. सात वर्षांत तिने तो त्याला एकदाही दाखवला नाही. दाखवला असता तर वर्षाच्या बारा भेटींच्या चार झाल्या असत्या.

घंटा वाजली.

"नेहमीचाच," टोपी काढत तो म्हणाला. मग काउंटरकडे बघत, "तुम्ही पेपरात वाचलं असेलच."

"वाचलं. मला... खूप वाईट वाटलं. बोलता आलं नाही."

"मीच खातो आता. सकाळी तिच्या गोळ्या अंडं ठेवायच्या छोट्या कपात काढून ठेवायचं काम माझं. हात अजून काढतोच. काढल्यावर टाकवत नाहीत." तो किंचित हसला. "सत्तरीत आता माझं काय उजळणार?"

काहीच नाही, असं सांगायला हवं होतं. प्रामाणिक दुकानदाराने सांगितलं असतं. तिने फळीवरून छोटा डबा काढला, कारण सांगितलं असतं तर तो परत आलाच नसता.

"अहो स्टूरे!" मागच्या खोलीतून मायब्रिट आली. "दर महिन्याला बर्फ तुडवत कशाला येता? ही बया झोपा काढते की काय इथे? मोठा डबा न्या ना!" ती वाकली, डबा काढला, फुंकर मारून धूळ उडवली.

स्टूरेने इंगेलाकडे पाहिलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. "द्या," तो म्हणाला.

एप्रिल, मे, जून... तिने डबा कागदात गुंडाळला. तिला रडू येत होतं. मायब्रिटचा नव्हे, स्वतःचाच राग येत होता. चोरी पकडली गेली, आणि शिक्षाही बरोब्बर डब्याएवढीच, तीन महिन्यांची!

जेवणाच्या सुट्टीत तिने दारावर पाटी लावली आणि बाहेर आली. तो बँकेच्या भिंतीशी उभा होता, डोळे मिटलेले, डबा काखेत. शेजारी एका माणसाची जागा रिकामी होती. ती तिथे जाऊन उभी राहिली. विटा उबदार होत्या. इतक्या उबदार असतात?

"टोपी नाही आज?" त्याने एक डोळा किलकिला केला.

"नाही."

वळचणीचा बर्फ टपटपत होता.

"मोठ्या डब्याचं मला माहीत होतं," तो म्हणाला. "गुनवोरनं पहिल्याच वर्षी दुकानाच्या किमतींच्या यादीत वाचलं होतं. म्हणाली, छोटाच आण. तेवढाच घराबाहेर पडशील, दुकानातल्या त्या बाईशी चार शब्द बोलशील."

तिच्या गालांना उन्हाने चटका बसत होता, की शरमेने, की... गुनवोरला कळलं होतं तर, सगळं? आणि तरी पाठवत राहिली?

"मग आज मोठा का?" तिने विचारलं.

"आता पाठवणारं कोणी नाही."

पापण्यांआड सगळं लाल झालं होतं. मी बोलावते ना – तीनच शब्द म्हणायचे होते. बोलावलं तर येईल का, ठाऊक नव्हतं. गुनवोरच्या जागी कोणी नकोच असेल कदाचित त्याला, आणि त्यात चूक काय. पण हवा आहे, हा माणूस मला हवा आहे, हे आता स्वतःपासून लपवता येत नव्हतं. मायब्रिट दारातून हाका मारत होती. इंगेलाने डोळे उघडले नाहीत. आजवर तिने फक्त टिकायचा विचार केला होता. उशीर झालाय, घाई करायला हवी, असं तिला आज पहिल्यांदाच वाटत होतं.