वाळकाचं बी

अठरा वर्षं ज्या फाटकातून कोणाला न विचारता आत गेलो, त्याच फाटकावर पुंजाराम वॉचमनने माझ्यापुढे वही सरकवली. "नाव लिहा, काम लिहा." महिन्यापूर्वीपर्यंत हा गडी माझ्या डब्यातली चटणी मागून खायचा! मी लिहिलं : कल्याण, सामान नेणे.

बियाण्याच्या कंपनीने मला काढलं, कारण माझ्या जागी कोंब मोजायला मशीन आलं. आलं तर आलं. कपाटातला स्वेटर, चष्मा, स्टीलचा पेला, एवढ्यासाठी मी इकडे फिरकलोही नसतो. मी आलो होतो कोल्ड रूममधल्या एका पाकिटासाठी.

त्यात माझ्या बायकोच्या, शालूच्या हातचं वाळकाचं बी होतं. टेंभुर्णीला आमच्या कपाशीत ती दरवर्षी हे काकडीच्या जातीचं वाळूक लावायची. पिकलं की घरभर वास सुटायचा. शेवटचं वाळूक तिने आजारपणात फोडलं, बी राखेत घोळून वाळवलं आणि दिवाळीनंतर ती गेली. पुढे मी गावात घरोघर विचारलं. आता सगळेच दुकानातलं बी आणतात. त्या वाळकाची एक बी कोणाकडे निघाली नाही. इथे शहरात, मस्तगडच्या माझ्या पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात ते मेलं असतं, म्हणून गुपचूप कंपनीच्या थंडीत ठेवलं. पावसाळ्यात भावाच्या शेतात लावणार होतो. आणि मी मोठा शहाणा! पाकिटावर नाव न लिहिता लॅबसारखा नंबर टाकला. नावाचं पाकीट कोणीही फेकतं, नंबराला कोणी हात लावत नाही, असा माझा हिशोब.

लॅबचे अवधूत सर माझ्या मुलाच्या वयाचे. सामानाची पिशवी त्यांनी तयारच ठेवली होती. मी पाकिटाचा नंबर सांगितला.

"मामा, कोल्ड रूममधलं सगळं कंपनीचं असतं."

"सर, ते घरचं बी हाय. मीच ठेवलं व्हतं. शालूचं हाय ते."

त्यांचा चेहरा पडला. "अहो, आधी सांगायचं ना! फेब्रुवारीत स्टॉक तपासताना ते सापडलं. नंबर रजिस्टरला जुळेना. मग नियमाप्रमाणे नवा नंबर देऊन उगवण चाचणीला लावलं."

"समदं?"

"चाचणीला चारशे बिया लागतात, मामा. तेवढ्याच होत्या."

चाचणी काय असते हे मला कोणी सांगायला नको. ओल्या कागदात बिया गुंडाळायच्या, आठव्या दिवशी कोंब मोजायचे आणि कागदासकट फेकून द्यायचे. माल कोणाचा हे मोजणाऱ्याला कळू देत नाहीत. त्याच्यापुढे फक्त नंबर येतो.

"उगवलं तरी किती?" मी विचारलं.

त्यांनी रजिस्टर काढलं. "तीनशे अठ्ठ्याऐंशी. सत्त्याण्णव टक्के." पुढे वाचता वाचता ते थांबले आणि रजिस्टर मिटायला लागले.

मी ते ओढून घेतलं. मोजणाऱ्याच्या रकान्यात माझी सही होती. शेराही माझ्याच अक्षरात : उगवण उत्तम.

काकडी आणि वाळूक कोंबात सारखीच दिसतात. त्या आठवड्यात काकडीचे कितीतरी नमुने माझ्या टेबलावर आले होते. हा कोणता, तेही आता आठवेना. एवढं मात्र नक्की, की मी ते कोंब एकेक करून मोजले असणार, बादलीत टाकले असणार आणि हात धुऊन डबा खायला गेलो असणार.

"मामा, बसा जरा. पाणी आणू?"

"नगं."

भांडायला आलो होतो. आता कोणाशी भांडणार? सर्व सामान मिळाल्याचा कागद त्यांनी हळूच पुढे केला. मी त्यावरही सही केली. शालूने जिवापाड जपलेलं बी मीच मोजून फेकलं होतं, आणि हे आता गावाकडे कोणाला सांगायचीही सोय नव्हती.