सहा मिलिमीटर

एकविसाव्या दिवशी माझ्या डाव्या हातावरची जखम अकरा सेंटीमीटर खोल निघाली. हात त्या ठिकाणी सात सेंटीमीटर जाड आहे. मी तीनदा मोजलं, तिसऱ्यांदा दुसरा प्रोब, म्हणजे खोली मोजायची सळई, घेऊन. हाताची मागची बाजू नेहमीसारखीच होती. तिथून काहीही बाहेर आलेलं नव्हतं.

मी आकडा वहीत लिहिला आणि वैजूला दाखवला.

“अकरा?” ती म्हणाली. “मग गॉज जास्त लागेल.” आणि तिनं कपाटातून नवा रोल काढला.

आमचा कारखाना जखमेवर लावायच्या पट्ट्या बनवतो. बंदरावरून कोळंबीची टरफलं येतात. ती आधी आम्लात, मग अल्कलीत ठेवली की शेवटी एक पांढरी भुकटी उरते. त्या भुकटीचा पातळ पापुद्रा म्हणजे आमची पट्टी. मी रसायनशास्त्राची, वैजयंती सूक्ष्मजीवशास्त्राची. अठरा वर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसतो. माझ्या डब्यातली भाजी ती खाते आणि तिच्यातली मी.

पहिल्या वर्षापासून आमची एक रीत आहे. जी पट्टी लोकांच्या अंगाला लावायची, ती आधी आपल्या. सहा मिलिमीटरच्या पंचनं, म्हणजे धारदार कडेच्या गोल नळीनं, मी तिच्या मनगटाच्या वर कातडीची एक गोल चकती काढते, ती माझ्या. वैजू पंच टेकवते, म्हणते, “तीन म्हटल्यावर हं,” आणि दोनलाच दाबते. त्यामुळे हात आखडत नाही, असं तिचं म्हणणं. अठरा वर्षं मी तिनाची वाट बघत आले आहे.

बाकीचे नियम माझे. दोन चिठ्ठ्या, एक आणि दोन. एका पाकिटात नवी पट्टी, दुसऱ्यात तशीच दिसणारी पण साधी. पाकिटं कारखान्याचे मालक बिवलकर साहेब भरतात, आणि कुठल्या आकड्यात काय आहे तो कागद लखोट्यात बंद होतो. लखोट्यावर आम्हा दोघींच्या सह्या असतात. बेचाळिसाव्या दिवसाआधी तो उघडला तर चाचणी बाद. या वेळी मला दोन आला होता. एक आला असणार वैजूला. तिची चिठ्ठी मी बघितली नाही. कधीच बघत नाही.

दर मंगळवारी आम्ही जखमेवर पारदर्शक कागद ठेवून कड गिरवतो आणि चौकोन मोजतो. सुरुवातीला दोघींच्या अठ्ठावीस चौरस मिलिमीटर होत्या. सातव्या दिवशी तिची चोवीस झाली, माझी बत्तीस. चौदाव्या दिवशी तिची सतरा, माझी एकोणचाळीस. एकविसाव्या दिवशी तिची नऊ, माझी सत्तेचाळीस.

“बेरीज छप्पन्नच येते,” मी म्हणाले. “दर वेळी.”

“योगायोग गं.”

“तीनदा?”

“नीला, तुला बेरजा करायची सवयच आहे. हात इकडे कर.”

तिनं जखमेत गॉज भरलं. खोल जखमेत गॉज भरताना दोन बोटं लांब शेपूट बाहेर ठेवायचं असतं, म्हणजे पुढच्या माणसाला आत काही आहे हे कळतं. वैजूनं शेपूट ठेवलं आणि वर छोटी गाठसुद्धा मारली. त्या गाठीमुळे मला बरं वाटलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी तिची जखम पूर्ण बुजली. व्रण राहिला नाही. त्या जागी राजगिऱ्याच्या दाण्याएवढे तीन तीळ एका ओळीत होते. ते तीळ माझे. लहानपणापासून ते माझ्या डाव्या मनगटावर होते आणि पहिल्याच आठवड्यात दिसेनासे झाले होते.

“हे माझे तीळ आहेत,” मी म्हणाले.

“तीळ आहेत. लोकांना असतात.”

“तुला नव्हते.”

“वयानं येतात, बाई. माझ्या आत्याला तर तोंडभर झाले.” ती हसली आणि बाही खाली ओढली.

त्या संध्याकाळी साहेबांनी त्याच बॅचच्या चारशे पट्ट्या पाच दवाखान्यांत पाठवल्या. चाचणीचे चौदा दिवस अजून बाकी होते. मी तसं सांगायला गेले, तर ते म्हणाले, “मॅडम, पेशंट थांबतात का?”

त्यानंतर माझी कातडी सरकू लागली. कुणीतरी पलंगाखालून चादर ओढावी तशी ती जखमेकडे जात होती आणि कडेवरून आत उतरत होती. देवीची लस टोचल्याची खूण दंडावरून कोपरावर आली आणि दुसऱ्या दिवशी गेली. विळीवर नारळ खवताना अंगठ्याला झालेला व्रण शुक्रवारी गेला. सोमवारी दवाखान्यांतून फोटो आले. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या टाचेची वर्षभराची जखम भरली होती आणि टाचेवर विळीचा व्रण होता. एका बाईच्या पोटरीवर लशीची खूण होती. फोटोंखाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, उत्तम.

मूठ मिटणं अवघड झालं, कारण बोटांच्या मागे कातडी पुरत नव्हती. चेहऱ्याची कातडीही खाली ओढली गेली होती. ओठ मिटत नव्हते, त्यामुळे मी सतत हसते आहे असं दिसत होतं.

“मॅडम खुशीत आहेत,” साहेब म्हणाले. “असायलाच हवं. केवढं यश आहे.”

“मला बरं वाटत नाहीये,” मी म्हणाले. पण तोंड हसरं असल्यामुळे ते गमतीत घेतलं गेलं.

टरफलं निवडणाऱ्या द्रौपदीमावशीनं तेवढं विचारलं. “काय गो बाय, आज फार हसू येतंय?”

“हसत नाहीये, मावशी. कातडी कमी पडतेय.”

तिनं हातातलं टरफल उलटसुलट करून बघितलं. “कोळंबी कात टाकते ना, ती आपली आपण टाकते,” ती म्हणाली. “तिच्या अंगावरची कुणी ओढून नेत नाय.” मग तिनं ते टरफल घमेल्यात टाकलं.

पस्तिसाव्या दिवशी जखमेचं तोंड वाटीएवढं झालं होतं. खोली मोजायला प्रोब पुरला नाही. वैजूनं शांतपणे चार मीटर गॉज आत भरलं, शेवटचं टोकही बोटानं आत सारलं आणि वर पट्टी चिकटवली.

“शेपूट राहिलं,” मी म्हणाले.

“राहू दे आतच. टोचतं ते तुला.”

“मला कधी टोचलं नाही.”

“मग आता टोचणार पण नाही,” वैजू म्हणाली आणि हात धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वैजू स्वतःचा डबा न उघडता साहेबांच्या केबिनमध्ये गेली. मी सिंकपाशी बसून पट्टी काढली. आत गॉज आहे हे वरून कळत नव्हतं, आणि अशी जखम मी कुणाचीही ठेवली नसती. चिमटा पोचेना, म्हणून मी उजवा हात आत घातला. मनगटाच्या बऱ्याच पुढे टोक लागलं. मी हळूहळू ओढलं. चार मीटर निघालं, कोरडं. गॉज निघाल्यावर जखमेतून आवाज ऐकू आले.

“बेचाळिसाव्या दिवसापर्यंत पुरेल का?” साहेबांचा आवाज होता.

“पुरेल. उंच आहे ती.” हा वैजूचा.

“आणि लखोटा उघडला तर?”

“नीला? ती मरेल, पण उघडणार नाही. नियम तिचाच आहे, साहेब.” मग वाटीत चमचा ठेवल्याचा आवाज आला. “या, जेवायला बसा. नीलानं आज भरली वांगी आणलीत. तिच्या डब्यातली घेऊन आलेय.”

मी कपाटातून लखोटा काढला. चिकटवलेल्या जागेवर माझी सही होती, तिच्या शेजारी तिची. मी घड्याळ बघितलं, वहीत लिहिलं, ‘छत्तिसावा दिवस, एक वाजून दहा मिनिटं, लखोटा उघडला, चाचणी बाद,’ आणि लखोटा फाडला.

आतल्या कागदावर आकडे नव्हते. वैजूच्या अक्षरात दोन रकाने होते. एकावर लिहिलं होतं ‘पट्टी कुणाला’ आणि खाली ‘वैजयंती, नंतर सर्व’. दुसऱ्यावर लिहिलं होतं ‘कातडी कुणाची’ आणि खाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. तारीख चिठ्ठ्या काढल्या त्याच्या आठ दिवस आधीची होती. म्हणजे मी कुठलीही उचलली तरी दोनच यावा, म्हणून दोन्ही चिठ्ठ्यांवर दोनच लिहिलेलं होतं.

मी कागद वहीत चिकटवला. ट्रेमधून सहा मिलिमीटरचा पंच घेतला आणि स्पिरिटनं पुसला. ते करायचंच असतं. मग पंच उजव्या हातात धरून तो हात जखमेत घातला. कोपर गेलं, दंड गेला. आत ऊब होती आणि भिंती मऊ होत्या. खांदा कडेला टेकला तेव्हा बोटांना शेवट लागला.

तो ताणून बसवलेला एक पातळ पडदा होता, गोल. मी करंगळी फिरवून बघितलं. तीन बारीक उंचवटे होते, एका ओळीत.

पलीकडून कुणीतरी त्यांच्यावर बोट ठेवलं. ते बोट मी ओळखते. विचार करताना वैजू मनगट चोळते. दोघींच्या बोटांमध्ये फक्त माझी कातडी होती.

मी करंगळी काढली आणि पंच टेकवला. तो कडेला बरोबर बसला.

केबिनमधलं बोलणं थांबलं. खुर्ची मागे सरकली. मग वैजूचा आवाज अगदी जवळून आला, अठरा वर्षं येतो तसाच, हळू आणि समजूतदार.

“तीन म्हटल्यावर हं,” ती म्हणाली. “एक.”