हाका घालणाऱ्याचा वाटा

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा पार्शात गावचा पुढारी कृष्णनाथ याने बुंदी वाटली होती आणि देवळासमोर उभं राहून लांबलचक भाषणही ठोकलं होतं. आता कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही, सगळ्यांना समान न्याय! टाळ्या वाजवणाऱ्यांत कमलही होती. चार महिने झाले असतील नसतील, आणि खळ्याकडे तरातरा चालताना तिला त्या टाळ्यांचीच चीड येत होती.

भात पिकायला आलं की डुकरं शेतात उतरतात, म्हणून कृष्णनाथने सकाळी पारध काढली होती. बंदूक सगुणची. तो बसला झाडावर. तिचा नवरा विठ्ठल झुडपात शिरला, हाका घालत डुकराला बंदुकीसमोर काढायला. हे काम नेहमी विठ्ठलच्याच गळ्यात पडायचं. दोडामार्गाकडून येऊन काजूच्या बागा राखणारा माणूस तो, नाही कोणाला म्हणणार? डुक्कर उठलं, आधी त्याची मांडी फाडली आणि मगच सगुणच्या गोळीने पडलं. पेडण्याच्या दवाखान्यात टाके घालून त्याला घरी आणून निजवलं, तर तापाने फणफणलेला हा बाबा डोळे उघडून विचारतो काय, "माझो वाटो इलो?"

मटणासाठी विचारत नव्हता तो. मटण बाजारातही मिळतं. पारधीत वाटा मिळाला की माणूस गावचा झाला, आणि इतकी वर्षं त्या गावात राहूनही लोक त्याला भायलोच, बाहेरचाच म्हणत होते. कमलला हे ठाऊक होतं, म्हणून ती निघाली.

खळ्यावर केळीच्या पानांवर वाटे पडलेले होते आणि जो तो आपापल्या पानासमोर उभा होता. बायका अशा वेळी तिथे फिरकत नाहीत. कमल सरळ मधोमध जाऊन उभी राहिली.

"आमचो वाटो खंयचो?" तिने विचारलं.

कृष्णनाथने घसा खाकरला. "वयनी, रीत तुका म्हायत आसा. वाटणीक जो जाग्यार उभो, तेकाच वाटो. विठ्ठल खंय आसा?"

"तो उभो कसो रवतलो? तेची मांडी फाडली तुमच्या डुकरान!"

"वायट झाला. पण नियम सगळ्यांका सारकोच. उद्या मी नसलंय तर माकाय वाटो मिळाचो नाय."

सारकोच! कमलच्या अंगाचा तिळपापड झाला. कारण कृष्णनाथच्या पायाशी त्याचे दोन कुत्रे जीभ काढून बसले होते, आणि त्यांच्यासमोरही एक पान होतं. कुत्र्यांचा वाटा, मालकाच्या घरी जाणारा. पळाले म्हणून कुत्र्यांना वाटा, आणि ज्याने रक्त सांडलं त्याच्या नावाने शंख!

"दादा," ती म्हणाली, "उभं रवपाची रीत कोणासाठी केली? घरात लोळान वाटो मागणाऱ्यांसाठी. तो घरात लोळत नव्हतो. तुमी सगळे लांब उभे होतास, तो डुकराच्या तोंडात होतो. दोघांका एकच फूटपट्टी लावतास आणि तेका न्याय म्हणतास?"

कृष्णनाथने इकडेतिकडे पाहिलं, मग मोठ्या मनाचा आव आणून आपल्या पानावरचे चार तुकडे उचलले आणि तिच्यापुढे धरले. "घे. गरीब माणूस, आमकाय दया आसा."

"माका दया नको. सगळा मांस परत एका जाग्यार घाला आणि तेका धरून वाटे पाडा."

"पाडलेले वाटे कोण मोडता?"

"मी मोडतंय," सगुण म्हणाला. बंदूकवाल्याचा मान म्हणून डुकराचं मुंडकं आणि एक मांडी त्याच्या वाट्याला आली होती. त्याने मुंडकं ठेवलं आणि मांडी मधल्या पानावर टाकली. "झाडार बसान माका सगळा दिसत होता. तो बाजूक झालो असतो तर डुक्कर माझ्या समोर येवचोच नाय होतो. आणि मी इतको वेळ गप रवलंय, ह्या माका बरा दिसना."

मग एकेकाने आपलं पान उलटं केलं. काहींनी नाक मुरडून केलं, पण केलं. शेवटी कृष्णनाथलाही आपलं आणि कुत्र्यांचंही पान मोकळं करावं लागलं. वाटे पुन्हा पडले, एक पान वाढवून. रीतीप्रमाणे कृष्णनाथ नावं पुकारत गेला आणि शेवटी, तोंड कडू करून का होईना, म्हणाला, "विठ्ठल."

कमलने पान उचललं आणि वळली.

"वयनी," मागून कृष्णनाथ म्हणाला, "गावान इतका केला, दोन शब्द तरी बोल गो."

कमल थांबली. "कसले शब्द? माझ्या घोवाचोच वाटो तेका दिलास. तेचे उपकार मानूचे?"

आणि ती ताठ मानेने घराकडे चालू लागली.