पाणपोईचा उत्तररंग

रंगनाथराव टेलिफोन खात्यात होते, पण संध्याकाळी त्यांना स्वतःला फोन करून काही उपयोग नसे. कुठल्या ना कुठल्या देवळात ते कीर्तनाला बसलेले असायचे. पुढे खात्याच्या तारा गेल्या, लोकांच्या खिशात फोन आले, हिंजवडीच्या शेतांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्याच एका इमारतीत त्यांची मुलगी सृष्टी कंपनीच्या बसने जाऊ-येऊ लागली. रंगनाथराव निवृत्त झाले. तरी नारायण पेठेतल्या घरातून निघायचं, सतरंजीवर पुढची जागा धरायची आणि बुवांनी चिपळ्या हातात घेतल्या की डोळे मिटायचे, यात काही फरक पडला नाही. कीर्तनात देव येऊन बसतो अशी त्यांची श्रद्धा होती, आणि तो बहुधा आपल्याच शेजारी बसत असावा असा थोडा गुप्त विश्वासही.

सृष्टीचं वेड निराळं. टीव्हीला कन्सोल जोडून ती गेम खेळायची, आणि तेही जाहिरातीतले मोठे गेम नाहीत. कुठेतरी दोघा-तिघांनी मिळून, घरच्या टेबलावर बसून केलेले छोटे गेम ती शोधून काढायची, शेवटपर्यंत खेळायची आणि मग एका वेबसाइटवर त्यांच्याबद्दल आपलं मत लिहायची. मराठीत.

"आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसते आणि सुट्टीला टीव्हीसमोर," तिची आई ललिताबाई म्हणायच्या. "प्रगती आहे. स्क्रीन मोठा झाला."

एका रविवारी रंगनाथरावांनी सहज तिचं लिहिलेलं वाचलं आणि चष्मा काढून पुसून पुन्हा वाचलं. खेळातलं त्यांना ओ की ठो कळलं नाही. पण पोरगी मुद्दा कशी मांडते, तो कसा फुलवते आणि दाखला कुठे देते, हे त्यांना पक्कं कळलं. त्यांनी तिला समोर बसवून कीर्तनाची रचना सांगितली. आधी पूर्वरंग, त्यात एक विचार घ्यायचा आणि उलगडायचा. मग उत्तररंग, त्यात अशी कथा लावायची की तो विचार ऐकणाऱ्याला डोळ्यांनी दिसला पाहिजे. पूर्वरंगात दया सांगितली आणि उत्तररंगात सुडाची कथा लावली, तर गळा कितीही गोड असो, रंगनाथराव शेवटी बुवांच्या पाया पडायचे आणि पाया पडूनच सांगायचे, "बुवा, आज कथा दुसऱ्याच दाराशी जाऊन उभी राहिली."

सृष्टीने ते उचललं. कुठलाही गेम हातात घेतला की ती विचारू लागली, याने सुरुवातीला काय शिकवलं आणि शेवटी माझ्याकडून काय करून घेतलं. वाचणारे वाढले. गेम करणारी मुलं तिला आपले गेम आधी पाठवून विचारू लागली.

त्यात अभिनव होता. सृष्टीबरोबर कॉलेजात असलेला, हसरा, जरा हट्टी. नोकरी सोडून त्याने एकट्याने गेम करायला घेतला होता. त्याचं नाव ‘पाणपोई’. माळरानावरच्या वाटेत तुमची पाणपोई आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी द्यायचं, इतकाच खेळ. श्यामसुंदर नावाच्या एका गृहस्थांच्या कंपनीने त्याला हात दिला होता आणि येत्या सोमवारी गेम कन्सोलवाल्यांकडे रवाना व्हायचा होता. एकदा तो तिकडे मंजूर झाला की मुळापासून बदल करणं अवघड.

सृष्टीने गेम पूर्ण खेळला आणि तिला झोप लागेना. पूर्वार्ध तिला फार आवडला होता. उत्तरार्ध चुकला होता. तिने अभिनवला फोनवर तसं सांगितलंही.

"तू एकटीच म्हणतेस," तो म्हणाला. "शनिवारी श्यामसुंदर सरांच्या कार्यक्रमात छोट्या गेमांवर बोलणारच आहेस ना? तिथे सगळ्यांसमोर बोल. डेमो खेळलेली पोरं असतील. त्यांची तोंडं बघून मला कळेल, तू बरोबर आहेस की नुसती खडूस."

शुक्रवारी जेवताना तिने वडिलांना विचारलं, "बाबा, मित्राचं भर सभेत वाईट बोलायचं का?"

"त्याने बोलावलंय?"

"हो."

"मग तोंडावर बोल. तेच मागे बोललीस तर चहाडी होईल. आणि आधी चांगलं मनापासून सांग, म्हणजे पुढचं टोचलं तरी लागणार नाही."

"लागेल हो," ललिताबाई म्हणाल्या. "पण लागू दे. मीठ घे गं, भाजीत कमी आहे."

शनिवारी दुपारी स्वारगेटजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. ललिताबाईंना घेऊन रंगनाथराव वेळेआधीच पोचले आणि सवयीने पहिल्या रांगेत बसले. पिशवीत त्यांनी मंडईतून घेतलेला शेवंतीचा हार होता आणि खिशात बुक्क्याची डबी. हॉलमधल्या पोरापोरींच्या गळ्यात कंपनीची कार्डं लटकत होती. मंचावर मोठा पडदा, खाली दोन कन्सोल, बाजूला श्यामसुंदर माइक घेऊन उभे.

सृष्टी बोलायला उभी राहिली आणि रंगनाथरावांची मान आपोआप ताठ झाली.

तिने आधी तीन गेम घेतले. फिनलंडच्या एका मुलीने केलेला दीपगृहाचा गेम. "समुद्र असा की हात ओले वाटतात," सृष्टी म्हणाली, "पण दर दोन मिनिटांनी गेम मला आठवण करून देतो की मी इथे एकटी आहे. अगं बाई, मला दिसतंय. माझ्यावर जरा विश्वास ठेव." हॉल हसला. मग सांगलीच्या दोघा भावांचा गुऱ्हाळाचा गेम. "बैल इतके देखणे चालतात की रस राहिला बाजूला, मी बैलच बघत बसले. फक्त एकच बटण सारखं दाबून अंगठा सुजतो. बैलांना माझ्यापेक्षा कमी कष्ट आहेत." सांगलीचे दोघे मागून ओरडले, "कमी करतो, ताई." मग एका शिंप्याचा गेम. त्यात चुकलेली शिवण उसवता येते, पण उसवल्याची खूण कापडावर राहते. "त्या एका खुणेसाठी मी याच्या बाकीच्या सगळ्या चुका माफ केल्या," ती म्हणाली. "चूक दुरुस्त होते पण दिसत राहते, हे त्याने एक शब्द न बोलता सांगितलं. छोट्या गेमने असं एक काहीतरी सांगावं आणि त्याच्याशी इमान राखावं."

हा झाला विचार. रंगनाथरावांनी मनात खूण केली.

मग ती ‘पाणपोई’कडे वळली. माळावरची वाट, रांजण, पाणी काढायचं ओगराळं. वाटसरू येतो, बोलत नाही. त्याचा चेहरा बघून ओळखायचं, याला घोटभर हवंय की पोटभर, आधी सावलीत बसवायचं की लगेच द्यायचं. "मी वर्षभरात जितके गेम खेळले," सृष्टी म्हणाली, "त्यातला सगळ्यात सुंदर पहिला तास या गेमचा आहे. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी समोरच्या माणसांचे चेहरे बघत होते. हे मला अभिनवने शिकवलं."

टाळ्या पडल्या. अभिनव खाली मान घालून हसत होता. सृष्टीने बाटली उचलली आणि पाणी प्यायला थांबली.

पूर्वरंग संपला होता. रंगनाथरावांना इतकी वर्षं जे अंगवळणी पडलं होतं तेच त्यांनी केलं. ते उठले, मंचावर चढले, मुलीच्या कपाळाला बुक्का लावला, गळ्यात हार घातला आणि हात जोडले. सृष्टी बाटली हातात धरून बघतच राहिली. हॉलमध्ये आणखी जोरात टाळ्या वाजल्या, चार फोन वर झाले.

श्यामसुंदरांनी माइक तोंडाशी नेला. "वा. वडिलांच्या हातचा हार. याच्याहून छान एंडिंग मी तरी पाहिलेलं नाही. सृष्टी, थँक यू सो मच. मंडळी, बाहेर चहा आणि बटाटेवडे आहेत."

हे पुण्यात दोनदा सांगावं लागत नाही. खुर्च्या सरकल्या. पुढे काय येणार याची श्यामसुंदरांना कुणकुण असावी, कारण ते बोलता बोलताच पडदा बंद करायला निघाले होते.

रंगनाथरावांनी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना घोळ कळला. तिचं निम्मं बोलणं घशातच राहिलं होतं. अभिनव नुसतं कौतुक घेऊन घरी जाणार होता आणि सोमवारी गेम जसाच्या तसा जाणार होता. आणि हे सगळं त्यांच्या हाराने केलं होतं.

"अहो," ललिताबाई खालून हळूच म्हणाल्या, "पोरीची बोळवण करून बसलात."

रंगनाथराव श्यामसुंदरांच्या समोर जाऊन उभे राहिले. "साहेब, कार्यक्रम अर्धाच झालाय."

"काका, पण हार झाला की."

"तो मध्यंतराचा. पूर्वरंग झाला की कीर्तनकाराला हार घालतात, बुक्का लावतात, तो घोटभर पाणी पितो, की मग उत्तररंग. तुमच्याकडे हार घातला की माणसाला घरी पाठवतात का?"

"आमच्याकडे रिटायर करतात," श्यामसुंदर म्हणाले.

"ती अजून झालेली नाही."

"काका, वडे गार होतील हो."

"होऊ देत. गार वडे मी खाल्लेत. अर्धं कीर्तन सोडून मी आजवर उठलेलो नाही."

दारापाशी गर्दी झाली होती. मध्यंतरात सभा हलू लागली की ती धरून ठेवायचं एकच साधन रंगनाथरावांना माहीत होतं. त्यांनी टाळी धरली आणि मोकळ्या आवाजात नामाचा गजर सुरू केला. विठ्ठल, विठ्ठल. माइक लागला नाही. कार्डंवाली पोरं वळून बघू लागली. हे आजोबा कोण, असं एकाने विचारलंही. पण मागच्या रांगेतली एक मुलगी, बहुधा आळंदीकडची, पिशवी खाली ठेवून गजरात सामील झाली आणि तिचा सूर असा काही लागला की तिच्या मित्रांनी टाळी धरली. सांगलीच्या भावांनीही धरली. टाळी काय, तिला शिकवणी लागत नाही. बाहेर गेलेले हातात वडा घेऊन आत आले आणि उभं राहून काय करायचं म्हणून खुर्चीवर बसले.

सगळे बसलेले पाहून रंगनाथरावांनी गजर आवरता घेतला. श्यामसुंदरांनी माइक सृष्टीच्या हातात दिला. "घे बाई. काकांशी वाद घालणं माझ्या जॉबमध्ये नाही."

सृष्टीने हार सारखा केला. मग तिने सरळ अभिनवकडे पाहिलं.

"अभ्या, तास संपतो आणि तू माझ्या हातात धनुष्य देतोस. माळावर दरोडेखोर येतात. त्यांना मारलं नाही तर रांजण फुटतो. ठीक आहे, रांजण वाचवायला मी बाण मारते. पण मग सगळा वेळ माझं लक्ष क्षितिजाकडे. वाटसरू येतो, मी न बघताच ओगराळं पुढे करते, कारण मला पुढचा बाण लावायचाय. ज्या डोळ्यांना तू माणसं बघायला शिकवलंस, त्यांनाच नेम धरायला लावलंस. तुझ्या पहिल्या तासाची साक्ष तुझा दुसरा तास देत नाही."

अभिनवच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"नुसतं पाणी देऊन लोक बोअर होतील," तो जागेवरूनच म्हणाला.

"तू झालास?"

"मी बनवलाय. माझं सोड."

"मग ह्यांना विचार."

अभिनव उठला. "तिसऱ्या गावाच्या टप्प्यापर्यंत कोण कोण पोचलं?" बरेच हात वर झाले. "तिथे एक म्हातारी येते. तिच्या हातात काय असतं?"

"काठी?" एकाने अंदाज केला. दुसरा म्हणाला, "म्हातारी होती? मला वाटलं ती पण डाकू आहे. मी उडवली."

काही जण हसले. अभिनव हसला नाही. तो मंचावर आला, कंट्रोलर उचलला आणि तिसरं गाव पडद्यावर लावलं. या खेपेला त्याने बाणाच्या बटणाला हातच लावला नाही. दरोडेखोर आले, रांजण फुटला. त्याने पुन्हा लावलं, पुन्हा फुटला. मग त्याने आतल्या कुठल्याशा सेटिंगमध्ये जाऊन दरोडेखोरच बंद केले. माळ रिकामा झाला. वारा ऐकू येऊ लागला, जो आधी कोणाला ऐकू आला नव्हता. वाटेच्या टोकाला एक ठिपका दिसला आणि जवळ येता येता त्याची म्हातारी झाली. तिच्या डोक्यावर कळशी होती. ती पाणपोईशी थांबली, पाणी मागितलं नाही. कळशी उतरवली आणि तुमच्या रांजणात रिती केली.

ललिताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "एवढं केलंस आणि दाखवायचं विसरलास होय रे," त्या म्हणाल्या.

"काकू, तिची चाल जमवायला मला पूर्ण पावसाळा लागला होता." अभिनव म्हणाला. "आणि इथे एकानेही ती पाहिली नाही." तो श्यामसुंदरांकडे वळला. "सर, सोमवारी नको."

श्यामसुंदर पडद्याकडेच बघत होते. "किती उशीर?"

"धनुष्य काढायला लागेल तितका."

"ते मीच घालायला सांगितलं होतं," श्यामसुंदर म्हणाले. "काढ. मी कळवतो त्यांना."

मागून कोणीतरी म्हणालं, तिला अजून एकदा येऊ दे ना. अभिनवने पुन्हा लावलं. पोरं खुर्च्या सोडून पुढे आली, मंचासमोर फरशीवरच मांडी घालून बसली. सृष्टी अजून पडद्यासमोर मधोमध उभी होती, गळ्यात हार, कपाळाला बुक्का. आपली सावली म्हातारीच्या वाटेवर पडतेय हे लक्षात येताच ती माइक खाली ठेवून पटकन बाजूला झाली आणि सगळ्यांना वाट दिसू लागली.

रंगनाथरावांनी आजवर पुष्कळ बुवा ऐकले होते, मोठमोठे ऐकले होते. कथा रंगली म्हणजे बाजूला कसं व्हायचं, ते त्यातल्या फार थोड्यांना येत होतं. त्यांनी हात जोडले, कोणाला ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं, आणि पोरांच्या मागे, फरशीवर, आपल्या शेजारी थोडी जागा ठेवून बसले.