शिंपीकाकांची टेप

वजनकाटे आणि मोजपट्ट्या खऱ्या की खोट्या हे सांगण्याचा जिला पगार मिळत होता, तिला स्वतःच्या घराचं भाडं रास्त आहे की नाही, हे आठ दिवस झाले तरी सांगता येत नव्हतं.

घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. मालक, शिंपीकाका, वरच राहायचे. शिंपीकाम सोडून त्यांना सहा वर्षं झाली होती, पण गळ्यातली टेप सुटली नव्हती. करार संपत आला तसे त्यांनी बाराचे तेरा हजार सहाशे ऐंशी सांगितले. इकडे गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई पुढच्या महिन्यात तिच्याकडे राहायला येणार होती. आईला जिना चढता येणार नव्हता. आणि आईची औषधं धरली, तर भाड्यासाठी तेरा हजारांच्या वर काही उरत नव्हतं. घर सोडणंही जमेना, धरणंही.

तिनं चौकशी केली. आत्या म्हणाली, "चौदा टक्के? हा तर दिवसाढवळ्या दरोडा!" ती काम करायची त्या प्रयोगशाळेतली मैत्रीण म्हणाली, "तळमजला ना? मुकाट्यानं सही कर. माझ्या मालकानं वीस टक्के वाढवले." समोरच्या बेकरीवाल्याचं भाडं तर सात वर्षांत वाढलंच नव्हतं. "पण छत गळतं," तो म्हणाला, "आणि बोलायची सोय नाही. तोंड उघडलं की मालकाला भाडं आठवतं."

तिनं वीस आणि शून्य हे दोन्ही आकडे वहीत मांडले, सरासरी काढली आणि खोडून टाकली. गळकं छत आणि कोरडं छत यांची सरासरी काढून हाती काय येणार? ओलसर छत.

शेवटी रविवारी तिनं वर जाऊन काकांनाच विचारलं, "हा आकडा आला कुठून?"

"ये काटेकोर, बस." काका तिला याच नावानं हाक मारत. "शेजारी माझ्या भावाचं घर आहे ना, त्याच्या खोल्या चारशे चौरस फूट. चौदा हजार चारशेला दिल्यात त्यानं. म्हणजे फुटाला छत्तीस. तुझ्या तीनशे ऐंशी. आता गुणाकार तूच कर, शिकलेली तू."

"मोजलं कुणी?"

"मी. दोन्हीकडे, हिनंच." काकांनी गळ्यातली टेप उचलून दाखवली.

तिनं ती मागून घेतली आणि आपल्या पोलादी टेपला लावून धरली. काकांची साठ इंचांची खूण साडेएकसष्टवर आली. 

"काका, ही खोटी आहे! ताणली गेलीय. तुमचे तीनशे ऐंशी चुकलेत!"

"माझी टेप खोटी?" काका ताडकन उठले. "चल, मोज तुझ्या खऱ्या टेपनं."

खाली येऊन त्यांनी कण्हत कण्हत कोपऱ्यात टेपचं टोक धरलं. तिनं दोनदा मोजलं आणि मग पलंगावर बसली. टेप लांबली की तिचे इंचही लांबतात, मग खोलीत ते कमीच मावणार. हे ती प्रयोगशाळेत नवख्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवत असे. आनंदाच्या भरात तिला दिशाच उलटी दिसली होती.

"किती?"

खोटं बोलायला तिला एक क्षण मिळाला होता. तो गेला. "तीनशे नव्याण्णव."

"म्हणजे भाडं आणखी वाढलं की!" काका पोट धरून हसले. "आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतलास."

"थांबा. भावाच्या खोल्याही याच टेपनं मोजल्यात. त्याही तेवढ्याच प्रमाणात वाढणार. म्हणजे..." तिनं मनात भागाकार केला. "पुन्हा तेरा हजार सहाशे ऐंशीच."

"मग! चाळीस वर्षं माझे कपडे कसे बसले अंगावर? माणूसही हिनंच मापला, कापडही हिनंच."

गणित सुटलं होतं, आणि ती होती तिथेच होती. शेजारी दोन खिडक्या जास्त होत्या, इथे दुपारीही दिवा लागे. उलट चार वर्षांत काकांनी एक पैसा वाढवला नव्हता. ही दोन्ही कोणत्या टेपनं मोजायची?

"काका, खरं सांगू? हे जास्त आहे का, मला कळतच नाहीये. मला तेरापर्यंत झेपेल. पण मला झेपत नाही म्हणून ते जास्त, असं थोडंच आहे?"

काकांनी टेप बोटाला गुंडाळली. "मला तरी कुठं कळतंय? भाऊ घेतो म्हणून मी सांगितलं. आणि त्याच्या भाडेकरूनं तर परवाच खोल्या सोडतो म्हणून कळवलंय. जड जातंय म्हणे."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू फूट विचारलेस, मी फूट सांगितले." मग ते ओशाळून म्हणाले, "हे बघ, नवा सूट पहिल्याच दिवशी पक्का शिवत नाहीत. कच्चे टाके घालायचे, घालून बघायला लावायचं. सहा महिने तेरा हजार. तुझी आई येऊ दे. कुठं टोचतंय ते तुलाही कळेल, मलाही."

"आणि मग?"

"मग उसवू, नाहीतर पक्कं करू."

त्यांनी सहा महिन्यांचा करार लिहिला. सही करतानाही तिला कळलं नाही, कोण कोणावर उपकार करतंय. तिनं आईला फोन लावला.

"ठरलं का गं? रास्त आहे ना?" आईनं विचारलं.

"कच्चं ठरलंय. तू आधी तुझ्या वॉकरची रुंदी सांग, न्हाणीघराचं दार अरुंद आहे."

"थांब हं, मोजते."

"आई, कुठल्या टेपनं मोजतेयस?"