अगं, चार्जिंग लाव!

बाजारात त्याला सगळे सर्जन म्हणत. डोळ्याला भिंग, टेबलावर दिवा, हातात चिमटा आणि तोंडात कायमचं ‘आत्ताच काही सांगता येत नाही’. दुसरं काय म्हणणार? त्याने हात लावला की मेलेला फोन उठून बसतो अशी ख्याती होती आणि ती त्याने कधी नाकारल्याचं कुणाला आठवत नाही.

फोनच्या सिस्टिमला हात घालायचं काम मात्र तो कुरकुर करतच घ्यायचा. आधीपासून कोंबलेली नको ती ॲप्स काढून द्या, अक्षरं बदला, आवाज बदला, असं म्हणत माणसं यायची. “सिस्टिमचा भाग फक्त वाचण्यापुरता असतो,” तो सांगायचा. “फोन रूट केलात म्हणजे मालक झालात, पण ते कपाट कुलूपबंदच राहतं. लिहायला उघडायचं, काम उरकायचं आणि परत लावून घ्यायचं. उघडं टाकून कुठलीतरी फाइल इकडची तिकडे केलीत आणि फोनचा दगड झाला, तर माझ्या नावाने खडे फोडू नका.” वर दम असायचाच: “आणि आधी चार्जिंग भरून आणा. मध्येच बंद पडला तर गेला कामातून.”

हौसेने त्याने असं कपाट एकदाच उघडलं होतं. बायकोच्या फोनचं.

ती शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत मशीन दिवसभर खडखडायचं आणि त्या खडखडाटात, बॅटरी संपत आल्याची फोनची पिकपिक तिला कधी म्हणून ऐकू जायची नाही. दुकानातून हा फोन लावतोय, तिकडे फोन बंद. संध्याकाळी भांडण ठरलेलं.

“अख्ख्या बाजाराचे फोन जिवंत करता, घरचा तेवढा मरतो,” ती म्हणायची.

“तो मरत नाही. तू मारतेस.”

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी त्याने तिच्या फोनची सिस्टिम उघडली, ती पिकपिक उचलून बाजूला ठेवली आणि तिच्या जागी, त्याच फाइलच्या नावाने, स्वतःचा आवाज बसवला. चांगला खणखणीत: “अगं, चार्जिंग लाव!”

पहिल्यांदा फोन असा ओरडला तेव्हा ती उठून दारापर्यंत बघून आली, हा आज लवकर कसा आला म्हणून. खरा प्रकार कळल्यावर मशीनवर डोकं टेकून हसत बसली. तेव्हापासून फोन ओरडला की मान वर न करता तिचं उत्तर ठरलेलं, “लावते हो, लावते!” आणि लावायची नाही ती नाहीच. फोन पूर्वीसारखाच बंद पडायचा. सर्जनची ही एकच शस्त्रक्रिया साफ फसली होती आणि ती फसली याचा त्याला मनातून आनंद होता.

ती जाऊन आता वर्ष होत आलं होतं. तिचा फोन त्याने चालू ठेवला होता, कारण तिच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी कुणी ना कुणी अजून फोन करायचं, “ताई आहेत का?” म्हणायचं, आणि त्याला सांगावं लागायचं. ते सांगणं त्याला नकोसं व्हायचं. पण फोन बंद करून तिला कुणी विचारणारच नाही, हे त्याहून नकोसं होतं.

दिवस दुकानात निघून जायचा. घरी आल्यावर मात्र बोलायला कुणी नव्हतं. कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, सकाळचं गरम करायचं, ताट घेऊन बसायचं. आणि घास तोंडात असताना मशीनवर ठेवलेल्या तिच्या फोनातून हाक यायची, “अगं, चार्जिंग लाव!” त्याचाच आवाज, पण काही वर्षांनी तरुण आणि लटकाच चिडलेला. तो आवाज तिला शोधायचा. ती नसल्यामुळे त्याच्याच पाठीवर येऊन आदळायचा.

त्या मॉडेलला तेवढाच आवाज बंद करायची सोय नव्हती. सगळाच बंद केला तर तिच्यासाठी येणारे फोन कळले नसते.

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. संध्याकाळी ती त्याच्या फोनवर फोन करायची. एकदा बोलता बोलता मागून तिच्या आईचा फोन ओरडला. तो उठून वायर लावून आला आणि बघतो तर लेक गप्प.

“काय गं, लाइन गेली का?”

“नाही,” ती म्हणाली. “बाबा, ते काढून टाका ना. घाबरले ना मी. तुम्ही एकटे असता, आणि हे असं… बरं नाही ते.”

“काढतो की. पाच मिनिटांचं काम.”

“मग रविवारी काढाच. मी विचारणार आहे.”

लेकीचं चुकत नव्हतं, म्हणून वाद घालता आला नाही.

रविवारी दुपारी तो बायकोच्या मशीनपाशी, तिच्याच स्टुलावर बसला. फोनच्या काळ्या पडद्यावर त्याने ती नेहमीची ओळ टाइप केली. सिस्टिम आहे तिथेच, पण या वेळी लिहायला खुली करून जोड, एवढाच त्या ओळीचा अर्थ. ‘आरओ’ म्हणजे फक्त वाचा, त्यातला ‘ओ’ पुसून तिथे ‘डब्ल्यू’; ‘आरडब्ल्यू’ म्हणजे वाचा आणि लिहा. फोनने मुकाट्याने दार उघडलं. नव्या फोनांना इतक्या सहज पटत नाही, हा जुना होता.

आत त्याचा आवाज होता आणि शेजारी, त्यानेच बाजूला ठेवलेली पिकपिक. हाताला वळण असल्यामुळे त्याने आधी आवाजाची एक नक्कल काढून ठेवली. मग फाइलवर बोट दाबून धरलं. पुसायची का, हो की नाही, फोनने विचारलं.

नक्कल आहे, मग जातंय काय, असं त्याने स्वतःला समजावलं. पण आपण लावून आपण ऐकलेला आवाज म्हणजे नुसता आवाज. न विचारता जेवणात ओरडतो, तो घरातला असतो. अंगठा ‘हो’वर नेऊन तो तसाच बसून राहिला. बराच वेळ. आणि गिऱ्हाइकांना दम भरणाऱ्या या शहाण्याने आज चार्जिंग बघितलंच नव्हतं.

“अगं, चार्जिंग लाव!”

“लावते हो, लावते!”

वायर खुपसून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याने मागे वळून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. बोलला होता तोच. लावतो नाही, लावते. तो लांबवलेला ‘हो’सुद्धा तिचा होता. आणि हे आजचं नव्हतं. घास गिळता गिळता, भांडी घासता घासता, कित्येक महिने तो असंच उत्तर देत आला होता. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून त्यालाही कळलं नव्हतं. तिचा आवाज कुठल्याही फोनमध्ये नव्हता. जेवढी ती उरली होती, तेवढी या एका उत्तरात होती आणि ते उत्तर हाक आल्याशिवाय येत नव्हतं.

त्याला रडू कोसळलं. रडून झाल्यावर त्याने ‘नाही’ दाबलं, ती ओळ पुन्हा टाइप केली, ‘डब्ल्यू’च्या जागी ‘ओ’, आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

“काढलंत का, बाबा?”

“नाही काढलं.”

“का?”

“त्या ओरडण्याला उत्तर जातं ना, म्हणून.”

मग ती हळूच म्हणाली, “मला ठाऊक आहे. त्या दिवशी मी ओरडण्याला नव्हते घाबरले, बाबा. ते तर आम्ही वर्षानुवर्षं ऐकलंय. मागून आई बोलली, त्याला घाबरले.”

त्याने मशीनकडे पाहिलं. मशीनवर तिच्या आईचा फोन वायरीला लागून पडला होता. दुपारी वायर खुपसली, पण बटण दाबायचं राहिलं होतं, म्हणून तो बंद पडला होता; आत्ताच कुठे चालू होऊन चार्जिंगला लागला होता.

“आईचा फोन चार्जिंगला आहे का?” लेकीने विचारलं.

“आहे. आत्ताच लावलाय. अजून काही चढलं नसेल.”

“मग काढा.”

“अगं, सांगितलं ना, मला नाही ते जमणार…”

“आवाज नव्हे, बाबा. वायर काढा,” ती म्हणाली. “मी थांबते फोनवर.”